भोंगा न वाजलेली सकाळ

भूदेवीच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "मावशी, अत्तम्मा गेल्या..." एवढंच बोलून ती रडायला लागली. सासूला त्यांच्या तेलुगूत अत्तम्मा म्हणतात. मला त्या दिवशी रडू आलं नाही. आलं ते पुढच्या आठवड्यात, आमच्या जुन्या शाळेतल्या शोकसभेत, आणि तेही संतापाने. व्यासपीठावर भूदेवीचा हार घातलेला फोटो होता, मागे भलामोठा फ्लेक्स आणि त्यावर 'आमच्या प्रशालेची आदर्श माजी विद्यार्थिनी'. संस्थेचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, शाळेच्या शिस्तीतून घडलेल्या या बाईंचं नाव आपण शाळेच्या नव्या फाटकाला देणार आहोत. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे, अगदीच काही नाही तर पाण्याची टाकी आहे... आणि यांना सुचलं काय, तर फाटक. मी उठून बोलायला गेले, पण दोन वाक्यांतच असं रडू फुटलं की माइक कुणीतरी हळूच काढून घेतला. तिथे राहिलं ते इथे लिहिते.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आमच्या शाळेचे वरचे वर्ग सकाळी सातला भरायचे. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, दोन घट्ट वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी. फाटकापाशी पीटीचे सर शिट्टी घेऊन उभे. नखं बघायचे, रिबिनी बघायचे. प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद. मागून येणाऱ्यांना झेंड्याच्या खांबापाशी उभं करायचे आणि मग मैदानाला फेरी मारून दुसऱ्या तासाला वर्गात सोडायचे. या उशिरा येणाऱ्यांत भूदेवी कायम. ती साखरपेठेच्या बाजूला, विणकरांच्या वस्तीत राहायची. घर म्हणजे पुढे दोन माग आणि मागे चूल. बाप चादरी विणायचा आणि ती पहाटेपासून रहाटावर कांड्या भरायची. कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या लहान नळ्या. त्या भरून झाल्याशिवाय माग चालत नाही आणि माग चालल्याशिवाय घर चालत नाही. तिच्या केसांत कायम सुताचे तंतू असत. पीटीचे सर शिट्टीने तिची वेणी उचलून म्हणायचे, "ही बघा, चादर आली."

पहिला तास गणिताचा असायचा. म्हणजे रोजचा गणिताचा तास ही मुलगी झेंड्याखाली उभी राहून काढणार. मधल्या सुट्टीत ती माझी वही ओढायची, माझी भाकरी-शेंगाचटणी खायची, तिच्या डब्यातली अंबाडीची आंबट भाजी माझ्याकडे सरकवायची आणि वहीतलं गणित बघून म्हणायची, "हे तुला कळलं न्हाय. उतरून घेतलंस नुसतं." मग मलाच समजावायची. वर्गाची मॉनिटर मी, गणिताच्या तासाला हजर मी, आणि गणित येणार हिला! मला राग यायचा तिचा. दिवसभर तो टिकायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षाला, तिने स्वतःच यावर तोड काढली. तिच्या गल्लीत घड्याळ कोणाकडेच नव्हतं. अख्खी गल्ली मिलच्या भोंग्यावर उठायची, भोंग्यावर चूल पेटवायची, भोंग्यावर माग थांबवायची. साडेसहाचा भोंगा झाला की हातातली कांडी अर्धी असली तरी टाकायची आणि निघायचं, असं तिने बापाकडून कबूल करून घेतलं. उरलेल्या कांड्या शाळेतून आल्यावर भरायच्या. गणपती झाल्यापासून ती एकदाही उशिरा आली नाही. धावत यायची, चपला हातात घेऊन, आणि फाटकातून आत आल्यावर चपला पायात घालून पीटीच्या सरांसमोर अशी उभी राहायची की जणू बंगल्यातून टांग्याने आली आहे. गणिताच्या तासाला माझ्या शेजारी बसली की फळ्याकडे आधाशासारखी बघत राहायची. गणिताचे सरही मग फळ्यावर उदाहरण घातलं की आधी तिच्याकडे बघायला लागले. आमची भूदेवी मॅट्रिक होणार आणि पुढे मास्तरीण होणार, हे वर्गात सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

मग प्रिलिम आली. त्या वेळी आमच्याकडे प्रिलिमला बसला नाहीत तर शाळा बोर्डाचा फॉर्मच पाठवत नसे. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेत जाहीर करून ठेवलं होतं की पेपरच्या दिवशी फाटक बंद झालं की झालं. पहिला पेपर बीजगणिताचा. थंडीचे दिवस, सातला नुकतं उजाडायचं. आणि नेमक्या त्या पहाटे मिलच्या बॉयलरमध्ये काही बिघाड झाला आणि साडेसहाचा भोंगा वाजलाच नाही. भूदेवी रहाट फिरवत भोंग्याची वाट बघत बसली. मागांच्या खडखडाटात बाहेर कोण आलं, कोण गेलं, काही कळत नसे. अख्खी गल्लीच वाट बघत बसली. आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं. मी वेळेवर पोहोचले यात माझा पराक्रम एवढाच.

पेपर वाटायला सुरुवात झाली आणि खिडकीतून मला फाटकापाशी ती पोरं दिसली. तिच्या गल्लीतली सगळी, मुलगे-मुली मिळून घोळका. भूदेवी गजांना धरून उभी. शिपाई चांदभाई ऑफिसकडे पळाले. "साब, बच्चे रो रहे, खोल दूं क्या?" मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं म्हणून परत आले. मी पेपर तसाच ठेवून उठले आणि ऑफिसात गेले. म्हटलं, "सर, आज भोंगा वाजला नाही, त्यांचा काही दोष नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शाळा भोंग्यावर चालते का घंटेवर?" मी म्हटलं, "सर, त्यांच्याकडे घड्याळ नाही." ते म्हणाले, "मग घ्यावं." मग घ्यावं! आज इतकी वर्षं झाली, हे दोन शब्द आठवले की माझ्या कानशिलात जाळ उठतो.

आणि नियम तरी सगळ्यांना सारखा लावायचा होता ना. दुसऱ्या दिवशी मुलग्यांचे बाप आले. कोणी गयावया केली, कोणी संस्थेतल्या ओळखीच्या माणसाला बरोबर आणलं, आणि त्या मुलांचा बीजगणिताचा पेपर पुन्हा घेतला गेला. मुलींसाठी कोणी आलं नाही. मी भूदेवीच्या घरी गेले, तिच्या बापाला म्हटलं, "काका, तुम्ही फक्त येऊन उभे राहा." त्यांनी माग थांबवला नाही. भूदेवीकडे बघून तेवढं म्हणाले, "चालम्मा, चदुवु चालु." पुरे झालं शिक्षण, असा त्याचा अर्थ. ती रहाटावर बसलेली होती. मला म्हणाली, "जाऊ दे की गं. तुझा उद्या भूमितीचा पेपर हाय, घरी जा." त्या माणसाचाही मला राग आहे, पण तो माग थांबवला तर संध्याकाळी चूल पेटत नव्हती, एवढं तरी मी त्याच्या बाजूने मान्य करते. मुख्याध्यापकांच्या बाजूने मान्य करण्यासारखं मला आजवर काहीही सापडलेलं नाही. माझा मॉनिटरचा बिल्ला मात्र त्यांनी काढून घेतला. उद्धटपणाबद्दल.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं. दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, आणि पास झाली. गणितात तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते हे सांगायला नकोच. शाळेचा या पास होण्याशी काडीचा संबंध नाही. आणि या बाईने काय करावं? पेढे घेऊन त्या मुख्याध्यापकांच्या घरी गेली! ते तेव्हा निवृत्त झाले होते. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "बघ, शिस्त लावली ती कामी आली की नाही?" हे ती मला हसत हसत सांगत होती. मी तिच्यावर इतकी ओरडले की तिची मुलं घाबरून बाहेर गेली. "अगं, म्हातारं माणूस हाय," ती म्हणाली. "त्याला आता कुटं भांडत बसू?" भूदेवी, तुझ्या या चांगुलपणाचा मला फार त्रास झाला. तू एकदा, फक्त एकदा, त्यांच्या दारात उभी राहून बोलायला हवं होतंस. आता तर तुझा फोटो लावून शाळावाले तुझ्या तोंडी वाटेल ते घालतायत, आणि तुला 'जाऊ दे की' म्हणायचीही सोय उरली नाही.

तिच्या सासरीही पुढे मागच होते; ते विकून टाकल्यावर घराच्या पुढच्या खोलीत तिने गल्लीतल्या मुलांना गणित शिकवायला घेतलं. शेवटच्या दुखण्यापर्यंत शिकवलं. शोकसभेतून मी रागारागाने उठले ती थेट तिथेच गेले. वाटलं, खोली बंद असेल. तर मुलं बसलेली. सून म्हणाली, "येतातच मावशी, न्हाय म्हणवत न्हाय." मोठ्या मुलींपैकी एक फळ्यावर त्रैराशिक सोडवत होती. निम्मं झालं असेल, तेवढ्यात एक पोरगी धापा टाकत आली आणि मागे जाऊन बसली. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीने सगळा फळा पुसला आणि गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडायला घेतलं. कोणी कुरकुर केली नाही. मी विचारलं, "अगं, निम्मं झालं होतं की."

"टीचर असंच करायच्या की," ती म्हणाली. "कुणी मागनं आलं की पुन्ना पयल्यापासनं."

भोंगा वाजला नाही त्या सकाळी शाळेला एवढंच तर करायचं होतं.