रत्नाच्या नावाने केलेले फोन

राजारामचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. अमेरिकेतल्या फ्रीमाँट शहरात एका लाँड्रीत पाचला पहिली पाळी. हॉस्पिटलच्या चादरी इस्त्रीच्या रोलरमध्ये घालायच्या, कडा सरळ धरायच्या. कड वाकडी गेली की चादर परत धुवायला जाई. राजारामला ते चारचौघांत लाज गेल्यासारखं वाटे.

२००६च्या नोव्हेंबरात कडा वाकड्या जाऊ लागल्या. कॉलेजच्या अर्जासाठी इशिताला, त्याच्या मुलीला, स्वतःविषयी निबंध लिहायचा होता. महिनाअखेर मुदत, आणि कागद कोरा. मनात येईल ते सगळं आधी लिहून काढ, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. राजारामला ते पटलं नाही. येईल ते लिहिण्यात मेहनत कुठे आली? वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर शशिकांतकाका म्हणाले, आजोळच्या गरिबीवर लिही. इशिताने आजोळ एकदाच पाहिलं होतं, तेही तापात.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, मी आई होऊन फोन करते ना, त्यावर लिहिते."

राजारामने उठून दार लावून घेतलं. नऊ वर्षांची असल्यापासून ती आवाज जाड करून "मिसेस रत्ना स्पीकिंग" म्हणत आली होती. विजेच्या बिलासाठी, डॉक्टरांकडे, आणि तो आजारी पडला की लाँड्रीच्या साहेबाला. त्याच्या बायकोचं, रत्नाचं, आणि त्याचं इंग्रजी फोनवर अडायचं.

"आपण खोटं बोलतो हे लिहून द्यायचं? ग्रीन कार्ड काढून घेतील."

"मग तुम्ही द्या टॉपिक," म्हणत ती खोलीत गेली.

त्याने बिचकत शशिकांतना विचारलं. ते हसले. "राजारामभाऊ, इथे निम्म्या घरांत पोरंच आईबाप होऊन बोलतात. कोण पकडतंय?"

भीती गेली, शरम राहिली. त्याच विचारात मनगट रोलरला लागलं आणि फोड आले. दुसऱ्या दिवशी कामाला जाणं शक्य नव्हतं. रत्ना इशिताला उठवायला निघाली. त्याने तिला थांबवलं आणि स्वतः फोन उचलला. साहेबाने दोनदा "व्हॉट?" केलं. राजारामने तेच पुन्हा सावकाश सांगितलं. मग पलीकडून "ओके, रेस्ट" आलं.

इशिता उठल्यावर तो म्हणाला, "लिही. पण पहिल्या झटक्यात जमलेलं पाठवू नकोस. आणि बाबांना इंग्रजी येत नाही असं लिहू नकोस. शिकायला त्यांनी उशीर केला, असं लिही."

ती खोडून खोडून लिहीत राहिली. त्याला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण खोडलेल्या ओळी बघून थोडा धीर यायचा. मार्चपर्यंत मात्र रोज कामावरून आला की तो आधी कॉलेजच्या पत्रासाठी पोस्टाची पेटी उघडायचा.

प्रवेश मिळाला. फी बरीचशी माफ झाली. लाँड्रीच्या पगारातून होस्टेलची खोली झाली, आणि इशितासाठी एक मोबाइल. तो चालू करून घ्यायला कंपनीला फोन राजारामनेच केला. स्वतःचं नाव तीनदा सांगावं लागलं.