पाण्यातून उठताना

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास तो दर रविवारी सिन्नरहून एसटीने गंगापूर धरणावर यायचा. मी त्याला दादा म्हणायचो. विंडसर्फिंगच्या शिडाच्या फळीवरून पडलो की पाण्यातूनच शीड वाऱ्यावर धरायचं आणि वाऱ्यानेच आपल्याला उभं करायचं, हे तो मला शिकवत होता. "घाई नाय करायची. वारा येतो," एवढंच म्हणायचा आणि रुमालाने आपली फळी पुसत बसायचा.

एकदा भर धरणात माझे हात गळाले. आपली फळी सोडून तो पोहत आला, माझं शीड उचलून धरलं. "आला बघा, उठा!"

मी उठलो, काठाला लागलो. वळून पाहिलं तर त्याची रिकामी फळी वाऱ्याने दूर चालली होती.

दुपारी कोळ्यांनी त्याला बाहेर काढलं. फौजदारांनी नाव विचारलं. तीन वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं.