जनाकाकीचा माजलेला वाल

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आणि गंमत म्हणजे यात तो आहे, चांगला मधोमध आहे! तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ना आमच्या गावचे, ना भावकीतले. बसा जरा.

लग्नाआधी मी रोह्याकडच्या एका पोह्याच्या गिरणीत कामाला होते. पोहे करायचे तर आधी भात भिजत घालावं लागतं, आणि त्या भिजवणीचं पाणी — शी! नाक धरून पळावं असा आंबूस वास. पूर्वी ते सरळ ओढ्यात जायचं. मग प्रदूषणवाले साहेब आले आणि नियम आला. पाणी हौदात साठवायचं, चुना घालून निवळू द्यायचं, मग आजूबाजूच्या रानांत पाळीपाळीनं सोडायचं. मोकळ्या खाचराला चालेल, गवताला चालेल. पण भातकापणीनंतर वाल पेरला की त्या खाचरात थेंबही नाही. आमच्याकडे वाल जमिनीतल्या ओलीवरच येतो, त्याला वरून पाणी लागत नाही. तेव्हा पाइप उचलायचा आणि वरच्या गवताच्या रानात न्यायचा. हौदाचा कॉक माझ्या ताब्यात, पाइपही माझ्याच ताब्यात. आणि पाइप हा एवढा जड!

नेमका नियम आला त्याच हिवाळ्यात मला तो दिसला. खांब गावच्या मैदानावर, कबड्डीत. चढाईला निघताना मांडीवर अशी थाप मारायचा की — जाऊ दे, या वयात काय सांगायचं? सांगतेच! येडी झाले होते मी. जेवताना कबड्डी, झोपताना कबड्डी. संध्याकाळी त्यांचा सराव असायचा, आणि पाइप ओढत वर नेला तर माझी एसटी चुकायची. मग? मग काय केलं असेल मी? पाइप होता तिथंच राहू दिला, कॉक उघडला आणि केस सारखे करत स्टॉपवर पळाले. पाणी गेलं खालच्या खाचरात. जनाकाकीच्या वालात.

एकदाच करायचं, असं ठरवलं होतं मी. खरंच ठरवलं होतं...

जनाकाकी आमची शेजारीण. आई कामावर गेली की माझी वेणी घालायची ती. आणि तिचा वाल काय तरारला हो! हिरवागार, पाय ठेवायला जागा नाही. काकी बांधावर उभी राहून ओरडायची, "अगो सुनंदे, बघ गो माजा वाल! यंदा जमिनीनं ओल कशी धरलीय ती!" येईल जाईल त्याच्या हाताला धरून दाखवायची. तिचा तो आनंद बघून मलाही इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! म्हटलं, साहेबांना काय कळतंय? मी तर पुण्यच करतेय. मग पाइप हलला तो फक्त साहेब पाहणीला यायचे त्या दिवशी. "शाब्बास, असं काम पाहिजे," म्हणाले मला. मी मान खाली घालून हसले.

आता खरं सांगू? शेतकऱ्याची पोर मी. पाणी जास्त झालं की वाल माजतो, नुसता पाला सुटतो, शेंग धरत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. आठवायचं नव्हतं, एवढंच.

काकीनं पोपटीला सगळी वाडी बोलावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजायच्या, मग काय, धमालच! काकीची नणंद यमूआत्या मुद्दाम पेणहून आली. वालाचं बी तिनंच दिलं होतं. नणंद-भावजय म्हणून भांडण नाही, बहिणींसारखं गूळपीठ. दोघी एका ताटात जेवायच्या. टोपल्या घेऊन आम्ही सगळ्या खाचरात उतरलो. पाला बाजूला केला — खाली पाला. अजून बाजूला केला — परत पालाच.

काकीचा चेहरा उतरला. मग ती यमूआत्याकडे वळली, सगळ्यांच्या देखत. "कसलं बी दिलंस गो यमू? चांगलं घरात ठेवलंस न् हे माज्या माथी मारलंस?" यमूआत्या म्हणाली, "नाय गो वैनी, देवाशप्पथ नाय." काकी ऐकेना. यमूआत्यानं पिशवी उचलली आणि स्टॉपकडे चालू लागली.

मी तिथंच होते, टोपली घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं. पण बोलले असते तर नोकरी गेली असती, आणि मी रोज खांबला कुणासाठी जाते हेही निघालं असतं. नाही बोलले.

लग्न झालं माझं — त्याच्याशीच! काय सुखाचा संसार झाला म्हणून सांगू? आजही तो अंगणात नातवंडांसमोर मांडीवर थाप मारतो आणि मी हसून हसून बेजार होते. माझ्या हळदीला काकी नाचली, लुगडं खोचून नाचली. यमूआत्या आली नाही. त्यानंतर ती माहेरी आलीच नाही. आता थकलीय, पेणलाच असते. काकी अजून दर हंगामात म्हणते, "पेणचं बी नको गो बायांनो!" आणि सगळ्या हसतात. मीही हसते. सगळ्यांत मोठ्यानं.

पेरणीआधी यमूआत्या ते बी घेऊन आली आणि आमच्या ओटीवर बसून निवडत होती तेव्हा सुपाच्या दुसऱ्या बाजूला मीच बसले होते. जरा डाग दिसला की दाणा बाजूला काढायची. म्हणायची, वैनीला द्यायचं हाय, चांगलंच गेलं पायजे.

किडका दाणा एकही नव्हता त्यात.