आठवा बार

त्याला सगळे बारमोज्या म्हणत. रुळांसाठी डोंगर पोखरणं चाललं होतं. खडकाला आठ भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवून सगळ्यांनी बाहेर पळायचं. मग बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून याने धमाके मोजायचे. इतरांनी मोजायचं नाही, असा नियम होता. चौघांचे चार आकडे झाले की भांडणात जीव जातो. आठ झाले की तो हात वर करी आणि टोळी आत जाई. सात झाले तर कुणी हलायचं नाही. न उडालेल्या बारावर पहार पडली तर माणूस गोळा करावा लागे.

डाव्या हाताची तीन बोटं दरडीखाली गेली तेव्हा त्याला हे काम मिळालं. "घण गेला हातचा, पण कान शाबूत आहेत ना?" मुकादम म्हणाला होता. दोन वर्षांत धमाक्यांनी ते कानही खाल्ले. भिंतीचा गिलावा सुटावा तसे हळूहळू.

त्याने कुणाला सांगितलं नाही. कामावर नसलेल्याला बराकीत खोली नव्हती, आणि खोलीत अंथरुणाला खिळलेली आई होती. तो अनवाणी उभा राहू लागला. जमिनीतून धक्का तळपायात येई, तो मोजी.

बायकोने ओळखलं. एकदा तिने त्याच्या पाठीमागे मुद्दाम थाळी आपटली. तो वळला नाही. समोर येऊन ती म्हणाली, "सांगून टाका. माझा भाऊ असतो आत."

तिचे ओठ वाचून तो म्हणाला, "पाय खोटं बोलत नाहीत."

"पायांनी ऐकायला तुम्ही काय साप आहात? त्याला तर पायच नसतात."

त्या दुपारी वाती पेटवून मेहुणाच धावत बाहेर आला. "नीट मोजा, दाजी! चुकलात तर ताई जेवायला वाढायची नाही!"

तळपायांना सात धक्के बसले. मग एक लांबट थरथर. बार, की छताचा सुटलेला तुकडा? सगळे त्याच्याकडे बघत होते. हात वर गेला. सवयीने गेला.

टोळी आत शिरली. धुरात मेहुण्याची पाठ पुसट होत गेली, आणि बारमोज्याच्या तोंडून ते निघालं. "थांबा! मला ऐकू येत नाही! दोन महिने झाले, काहीच ऐकू येत नाही!"

आवाज केवढा निघाला ते त्याला कळलं नाही. पण माणसं पळत बाहेर आली.

तासाभराने मुकादम स्वतः कंदील घेऊन गेला. परत येऊन त्याने आठ बोटं दाखवली. आठही बार उडाले होते.

"बघा!" बारमोज्या हसत सुटला. "बरोबर मोजलं होतं मी!"

कुणीच हसलं नाही. दोन महिन्यांत हा हात किती वेळा वर गेला, ते जो तो आठवत होता. मेहुणा काहीतरी बोलला. त्याचे ओठ इतके कापत होते की वाचता येईनात.

"काय म्हणालास? पुन्हा सांग."

मेहुणा तोंड फिरवून निघून गेला.

मग मुकादम बोलला. त्याचे ओठ स्थिर होते. शब्द न् शब्द कळला. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी हवी. आईला खाटेसकट उचलायला चार माणसं लागणार होती, आणि टोळीतल्या एकाच्याही तोंडाकडे बघायची बारमोज्याची हिंमत होत नव्हती.