एकशे चाळीसचा आधार

"पाइपला धरून ठेवायचं नसतं गं, नुसतं खाली पडू द्यायचं नसतं," गुंडोअण्णा एकदा म्हणाले होते.

पाइपांची आखणी करणाऱ्या इंदिरानगरच्या त्या ऑफिसात भार्गवीचा तेव्हा तिसरा दिवस होता. तिने एका गरम पाइपला जागोजागी घट्ट बांधून टाकलं होतं आणि स्क्रीनवरचा पाइप लालभडक झाला होता. शेजारच्या खुर्चीतून अण्णा वाकून बघत होते. तापलेला पाइप वाढतो, त्याला वाढायला वाट लागते, हे त्यांनी पट्टी आणि चहाचे दोन कप घेऊन तिला करून दाखवलं. आधारावर पाइप नुसता टेकलेला असतो. खाली जाऊ शकत नाही, पण वर उचलला जाऊ शकतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तिथे नुसतं 'वाय' लिहायचं नाही, 'प्लस वाय' लिहायचं. प्लस लिहायचा राहिला की संगणकाला वाटतं, पाइप वरूनही क्लॅम्पने जखडलाय.

"आणि जागेवर क्लॅम्प नसलाच तर?"

"तर संगणक एका जगात, पाइप दुसऱ्या," अण्णा म्हणाले. "तेल मात्र खऱ्या जगात सांडतं."

अण्णा एकसष्ट वर्षांचे. घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. बाहेर कन्नड, चुलीपाशी मराठी. भार्गवीचं घरही तसंच, आणि अण्णांच्यासारखंच बनशंकरीत. चौथ्या दिवशी ती फोनवर आईला "भात स्वल्पच ठेव गं" म्हणाली आणि अण्णांनी खुर्चीच वळवली. "कुणाकडची तू?" त्यानंतर त्यांच्या डब्यातली चटणीपुडी रोज तिच्या झाकणात येऊ लागली.

डबा ते स्वतः करत. त्यांची बायको अहल्याक्का जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते सकाळी साडेसातलाच ऑफिसात येऊन बसत. रविवारी काय केलं विचारलं तर म्हणत, "झाडांना पाणी घातलं. मग परत घातलं." निवृत्तीनंतर त्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवलं होतं. दर मार्चला तो कागद येई, आणि ओळीन् ओळ तपासणारा हा माणूस तो न वाचता सही करून मोकळा होई. पगाराचा आकडा बदलला की नाही, तेही बघत नसे. खुर्ची राहिली, एवढं त्यांना पुरे होतं.

फाइल तपासायची त्यांची रीत ठरलेली होती. नकाशा छापून घ्यायचा आणि एकेका आधारावर पिवळ्या पेन्सिलीने खूण करत जायचं. जिथे नवा क्लॅम्प लागणार असेल तिथे थांबून विचारायचं, "खाली सांगितलंस की?" खाली म्हणजे तळमजल्यावरच्या ड्रॉइंगवाल्यांना. नियमाप्रमाणे त्याची लेखी चिठ्ठी घ्यायची असे. इतरांकडून अण्णा ती घेत, तारीख नसली तर परत पाठवत. भार्गवीने पहिल्यांदा चिठ्ठी पुढे केली तेव्हा त्यांना राग आला होता. "घरच्या माणसाकडून कोण चिठ्ठी घेतं? तोंडाने सांग."

गेल्या ऑक्टोबरात होसकोटेजवळच्या एका कारखान्याचं काम आलं. गरम तेलाची लाइन. पंपाजवळच्या एकशे चाळीस नंबरच्या आधारावरून पाइप तापला की उचलला जात होता, आणि त्याचं सगळं ओझं पंपाच्या तोंडावर येत होतं. भार्गवीने तिथे क्लॅम्प धरला, प्लस काढून नुसतं वाय केलं. आकडे मर्यादेत आले. उपाय बरोबरच होता. फक्त तो क्लॅम्प ड्रॉइंगवर यायला हवा होता. ती खाली गेली तेव्हा चार वाजले होते आणि ड्रॉइंगवाले चहाला गेले होते.

ती वर आली तर अण्णांची पेन्सिल एकशे चाळीसवर थांबलेली. "खाली सांगितलंस की?"

"सांगितलं, अण्णा."

चहानंतर जाणारच होती ती. त्यात खोटं असं काही तिला वाटलंही नाही.

"सरी, ठीक आहे," म्हणून अण्णांनी सही केली. चहानंतर दुसरी फाइल आली.

फेब्रुवारीत लाइन सुरू झाली. अकराव्या दिवशी पंपापाशी जोड उघडला. खाली मल्लाप्पा नावाचा फिटर काम करत होता. त्याचे दोन्ही हात भाजले. जगला, उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत.

विभागप्रमुख नरसिंहरावांनी दोघांनाच बोलावलं. भला माणूस. त्यांच्यासमोर तीन कागद होते. "मॉडेलमध्ये क्लॅम्प आहे," ते म्हणाले. "ड्रॉइंगवर नाही. जागेवर नाही. चिठ्ठी?"

"घेतली नाही," अण्णा म्हणाले.

"गुंडोराव, तुम्ही? तुम्ही तर तारखेवरून भांडता."

अण्णांनी ड्रॉइंगचा कागद ओढून घेतला आणि एकशे चाळीसवर बोट ठेवलं.

"नीट आठवून सांगा. हे वर जाणार आहे. मार्च आलाय, तुमचा कागद माझ्या टेबलावर पडलाय. कुणाचं सांगायचं राहिलं?"

भार्गवीने सकाळपासून दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. बसमध्ये ती तिला पाठ होती. आता पहिल्या वाक्याचा पहिला शब्दच सापडेना. मल्लाप्पाचे हात तिने फोटोत पाहिले होते. ते हात आपल्या त्या एका 'सांगितलं'मुळे भाजले, हे स्वतःच्या तोंडाने उच्चारायचं, तर त्यानंतर ती कोण उरणार होती?

"माझं," अण्णा म्हणाले. "तपासणारा मी."

नरसिंहरावांनी सुस्कारा सोडला. मग कर्तव्य म्हणून तिच्याकडे वळले. "भार्गवी, तुला काही सांगायचंय?"

अजून वेळ होता. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित ती बोलली असती, असं ती पुढे स्वतःला पुष्कळदा सांगणार होती.

"नाही," ती म्हणाली. आणि तेवढं पुरेसं नाही असं वाटून पुढे म्हणाली, "ते सगळं सर बघायचे."

तीन वर्षांत तिने त्यांना सर म्हटलं नव्हतं. इथे दुसरं कुणी सर होतं का, हे बघावं तसं अण्णांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिथे राग नव्हता. आपला बसस्टॉप मागेच गेला हे उशिरा कळलेल्या माणसासारखे ते बघत होते.

नरसिंहराव हळूच म्हणाले, "गुंडोराव, बसा स्वल्प. पाणी घ्या."

अण्णा उठले. चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्ची टेबलाखाली सरकवली, दार उघडलं, आणि बाहेर गेले.