मास्तरांचा दम

गंगाखेडच्या घाटापासून सोनपेठच्या बाजारापर्यंत वाटेत लागणारी सगळी गावं मास्तर एका दमात म्हणून दाखवायचे, आणि वर ‘माघारी येऊ का?’ असं विचारायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पण शिलाईपेक्षा त्यांच्या छातीची कीर्ती मोठी. तरुणपणी हुतुतूत त्यांचा दम तुटलेला म्हणे कुणी पाहिला नव्हता. आम्ही बघितले तोवर पोट सुटलं होतं, खेळ सुटला होता, आणि तो सगळा दम बोलण्यात उतरला होता.

मी तेव्हा तहसिलीत नकलनवीस होतो. मास्तर मला मुन्शीजी म्हणत. दिवसभर उर्दू अर्जांच्या नकला करून बोटं आखडली की संध्याकाळी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचं. निजामीचे दिवस. चार माणसं जमवून भाषण करायचं तर परवानगी लागे. हुतुतूवर भांडायला मात्र लागत नसे, म्हणून मनात जे काही तडतडत असेल ते आम्ही हुतुतूवर काढायचो. एकदा आरडाओरड ऐकून पोलिसातला एक जवान आत डोकावला. ‘क्या चल रहा है?’ मास्तर म्हणाले, ‘हुतुतू, जमादारसाब. बैठो.’ तो बसला, आणि पुढे आमच्यातला सगळ्यात भांडकुदळ तोच निघाला.

दुकानाचा एक कायदा होता, मास्तरांनी केलेला. वादात बोलायचं ते एका दमात. मध्ये श्वास घेतला की मास्तर कात्री फळीवर आपटून म्हणायचे, ‘बाद.’ बाद झालेल्यानं गप्प बसायचं. समोरच्या बाजूचा कुणी बाद झाला तरच त्याला पुन्हा तोंड उघडता येई, अगदी मैदानातल्यासारखं. परगावचा माणूस हे बघून हसायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. ‘ज्याचा दम खरा, त्याचं म्हणणं खरं,’ असं मास्तर सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. मी बहुधा तिसऱ्या वाक्याला गळायचो.

त्या साली वादाला विषय एकच, नामा. हा आमच्या संघाचा चढाईचा गडी, धंद्यानं नावाडी. गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, बांबूनं नाव रेटून रेटून त्याचे पाय लोखंडाचे झाले होते. संक्रांतीनंतर मात्र काय झालं कळेना, जाईल तिथे पकडला जायचा. निम्मं गाव म्हणे, पोरगं माजलं. निम्मं म्हणे, वस्तादानं त्याची वाट लावली. वस्ताद म्हणजे संघाला शिकवणारे म्हातारे. गावातल्या दोन पिढ्यांना दम धरायला त्यांनीच शिकवलं, मास्तरांनासुद्धा, आणि उतारवयात त्यांनाच दमा जडला. जत्रेत सोनपेठशी सामना होता. त्याला आठ दिवस राहिले असताना वस्तादांनी नामाला संघाबाहेर बसवलं, आणि कारण काही सांगितलं नाही.

‘घोडं एकदा अडखळलं म्हणून कुणी दावणीलाच बांधून ठेवतंय का?’ मास्तर कडाडले. ‘पोराचं नाव व्हायलंय, ते म्हाताऱ्याला बघवंना.’ हे वस्तादांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते काठी टेकत स्वतःच दुकानात आले.

आम्ही सरकून जागा दिली. मी वस्तादांच्या बाजूचा, पण काहीतरी चावट बोलायच्या नादात आधीच बाद होऊन बसलो होतो. त्या बाजूचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. वस्तादांनी फेटा सारखा केला आणि भल्या माणसासारखी सुरुवात केली. ‘राम राम मंडळी. तुमी समदे माझीच लेकरं, नामाबी माझंच लेकरू. पोरगं सोन्यावानी हाय, त्याच्यासारखा गडी म्या जल्मात बघितला न्हाई, पण…’ इथे त्यांच्या छातीत शिट्टी वाजली आणि श्वास आत ओढला गेला.

कात्री फळीवर आपटली. ‘बाद,’ मास्तर म्हणाले.

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि पाठोपाठ आम्ही सगळेच हसलो. मीही हसलो, त्याची आज लिहिताना लाज वाटते. वस्ताद हसले नाहीत की रागावले नाहीत. दम तुटला की बाद, हे आयुष्यभर त्यांनीच शिकवलं होतं. हात मांडीवर ठेवून ते गप्प बसले.

मग मास्तर बोलायला लागले. त्यांचा दम तुटला असता तर कायद्यानं वस्तादांना पुन्हा बोलता आलं असतं. वस्ताद त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मीही बघत होतो. मास्तरांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, एकदा आवाज चिरकलाही, आणि मला वाटलं, आता तुटतोय. नाही तुटला. नामाच्या जुन्या चढाया, सोनपेठचा ताठा, गावाची अब्रू, सगळं त्यांनी एका दोऱ्यात ओवलं आणि ‘नामा उतरलाच पायजे’ इथे आणून सोडलं. दुकान दणाणून गेलं. जवानानं मास्तरांची पाठ थोपटली. वस्ताद काठी टेकून उठले, ‘गावाची मर्जी,’ एवढं म्हणाले आणि गेले.

जत्रेत, गंगेच्या वाळवंटात, नामा उतरला. दुसऱ्याच चढाईत सोनपेठच्या दोघांनी त्याचा घोटा धरला. तो मधल्या रेघेकडे वळला आणि त्याच्या गुडघ्यातून आवाज आला. एवढी माणसं जमली होती, पण तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. नामा पडला तरी त्याचं ‘हुतुतू’ चालूच होतं. पडल्या जागेवरून तो रेघेकडे हात लांबवत होता. हात पोचला नाही.

पाय पुन्हा सरळ झाला नाही. तसल्या पायानं नाव रेटता येत नाही, ती भावाकडे गेली. महिन्याभरानं मास्तर नामाच्या घरी गेले आणि त्याला दुकानात आणून काजं करायला बसवलं. सुरुवातीला काजं फार वाईट व्हायची. गिऱ्हाईक कुरकुरलं की मास्तर म्हणायचे, ‘बटन बसतंय न्हवं? मग झालं.’ कात्री आता फक्त कापडापुरती उचलली जाई. वाद बंद पडले, आम्हीही पांगलो. पुढे निजामी गेली, सभेला कुणाची परवानगी लागेना, गावात जो तो भाषण करू लागला. लोक मास्तरांना बोला म्हणून गळ घालायचे. ते नुसते हात जोडायचे.

वस्तादांच्या घरी जायला मात्र त्यांना जत्रेनंतर वर्ष लागलं होतं. एका सकाळी मला सोबत घेऊन ते निघाले. वस्ताद बाजेवर पडून होते. मास्तर खाली जमिनीवर बसले. मग म्हणाले, ‘वस्ताद, त्या दिवशी तुमचं बोलणं राह्यलंय. ते सांगा. कितीबी वेळ लागू द्या.’

‘पण…’ वस्ताद म्हणाले, आणि खोकला आला. मास्तरांनी पाणी दिलं आणि थांबले. ‘पण गुडघा दुखायलाय त्याचा.’ पुन्हा खोकला. मास्तर थांबले. ‘सोनपेठवाल्यांना कळलं तर… त्योच पाय धरतील, म्हणून पोरगं बोलंना. ह्या खेपंला… बसू द्या त्याला, म्हणायचं व्हतं.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

मास्तरांचे ओठ हलले. ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं असावं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मुन्शीजी, ह्याला अर्धा दमबी लागत न्हाई.’ आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी कपाळ वस्तादांच्या बाजेला टेकलं.