रानरेड्याची तीन कोटेशनं

आमच्या चाचांनी आयुष्यात एकही वस्तू, एकही माणूस आणि एकही दुखणं तीन कोटेशनांशिवाय स्वीकारलेलं नाही. जन्म तेवढा न विचारता मिळाला, त्याला इलाज नव्हता, असं ते स्वतःच सांगतात. इथे बहारीनमध्ये, मीना सलमान बंदराजवळ, क्रेन आणि पंपांचे सुटे भाग विकणारी एक जुनी कंपनी आहे, तिथे ते परचेस बघतात. कुठलीही खरेदी करायची तर तीन ठिकाणचे भाव मागवायचे आणि शेजारी शेजारी मांडून बघायचे, हा तिथला नियम. कंपनीतले बाकीचे लोक तो नियम संध्याकाळी कंपनीतच ठेवून घरी येतात. चाचांनी तो घरी आणला, जेवू घातला आणि वाढवला. ईसा टाउनच्या बाजारात ते कलिंगड घ्यायला निघाले की पहिल्या दुकानात एक वाजवून बघतात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि पहिलंच बरं होतं असं ठरवून परत येईपर्यंत ते कुणीतरी नेलेलं असतं. एकदा त्यांची दाढ दुखत होती. तीन डॉक्टरांना दाखवली, तिघांनी तीन वेगवेगळ्या दाढा काढायला सांगितल्या. चाचा तिन्ही कागद समोर घेऊन आठवडाभर विचार करत बसले, तेवढ्यात दाढ आपणहून दुखायची थांबली. "पार्टीने माघार घेतली," एवढंच ते म्हणाले.

ते म्हसळ्याकडचे, आम्ही कराडचे. नातं म्हणाल तर ते माझे सासरे आहेत, आणि हे त्यांनी एकट्याने ठरवलेलं आहे. माझा नवरा लग्नाआधी चार वर्षं त्यांच्या खालच्या फ्लॅटमध्ये चाचींच्या हातचं जेवला. त्यामुळे लग्न होऊन मी बहारीनला उतरले तेव्हा विमानतळावर चाचांनी मला आपादमस्तक बघितलं आणि जाहीर केलं, की ही आमची सूनबाई. माझे खरे सासरे फोनवर वर्षातून चारदा बोलतात. हे रोज दुपारनंतरची असरची नमाज आटपली की वर येतात, गॅसचा पाइप वाकून तपासतात, चहा पितात आणि मला पत्रं लिहायला बसवतात. कारण त्यांच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्य 'काइंडली'ने सुरू होतं, मग पुढे शिवी का असेना. 'काइंडली नोट यू आर अ लायर' असं पत्र त्यांनी एका मोठ्या व्यापाऱ्याला पाठवलं होतं, तेव्हापासून ही जबाबदारी माझ्याकडे आली.

चौकशी करण्याची त्यांची एक खास रीत आहे. ज्याचं काम नीट झालं त्याला ते कधी विचारत नाहीत. ज्याचं बिघडलं त्याला गाठतात. मुलीसाठी स्थळं बघताना तीन बायोडाटा अर्थातच आले होते. त्यातल्या एका मुलाच्या नातेवाइकांना विचारण्याऐवजी चाचा त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालेला त्याचा जुना रूममेट शोधत मुंब्र्याला गेले. तो म्हणाला, भांडतो फार, पण भांडण संपल्यावर चहा तोच करतो. चाचांनी तिथल्या तिथे लग्न ठरवलं. जावई सोन्यासारखा निघाला, हे मलाही कबूल करावं लागतं.

तर अशा या माणसावर रानरेड्याची खरेदी येऊन पडली.

त्यांचे अरबाब, म्हणजे कंपनीचे मालक, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आणि चाचांनी मिळून एका शटरच्या दुकानापासून धंदा उभा केला आणि चौतीस वर्षं रोज न चुकता भांडले. अरबाबांच्या मजलिसमध्ये, त्या लांबलचक बैठकीच्या खोलीत, त्यांच्या दोस्तांचे आफ्रिकेतले फोटो फिरायचे. प्रत्येकाच्या पायाशी मारलेला एक एक रेडा. अरबाब तरुणपणी वडिलांबरोबर ससाणे घेऊन वाळवंटात शिकारीला जात. पण रेड्याचं राहून गेलं होतं. आणि आता त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. हे घरात कुणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं. चाचांच्या आलं, ते कॉफीमुळे. तिथे रीत अशी, की छोटी कपुली हलवली म्हणजे पुरे झालं, आणखी नको. अरबाब पूर्वी पाच कपुल्या पीत. आता नवा कॉफीवाला त्यांचा हलणारा हात बघायचा आणि पहिल्याच कपुलीनंतर पुढे सरकायचा. अरबाब मानी, मागायचे नाहीत. चाचांनी कॉफीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, की यांच्या हाताकडे बघू नको, तोंडाकडे बघ. त्याच आठवड्यात डॉक्टरांनीही सांगितलं, की हात आणखी बिघडत जाणार. मग अरबाबांनी चाचांना बोलावलं. या हिवाळ्यात रेडा, नाहीतर कधीच नाही. पार्टी तू निवड, आणि तू बरोबर चल.

आता हे चाचा म्हणजे, घरात मुंग्या झाल्या तर त्यांना साखरेची वाट दाखवत जिन्यापर्यंत नेऊन सोडणारे. बंदूक त्यांनी फक्त बँकेच्या दारात पाहिलेली. मलाही हा शिकारीचा शौक काही पटत नव्हता आणि मी ते बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, मलाही नाही पटत, पण ऑर्डर आलेली आहे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या जेवणाच्या टेबलावर आफ्रिका पसरली. शिकारीची सफर घडवून आणणाऱ्या तीन पार्ट्या त्यांनी निवडल्या, दक्षिण आफ्रिकेची एक, टांझानियाची एक आणि झिम्बाब्वेची एक, आणि चार मोठे कागद चिकटवून तक्ता आखला. जवळचं हॉस्पिटल किती तासांवर, माग काढणारी माणसं किती वर्षं टिकून आहेत, स्वयंपाकी भांडकुदळ आहे का, हलाल कोण करणार, असे एकोणीस रकाने. प्रत्येक पार्टीने खूश झालेल्या गिऱ्हाइकांची नावं पाठवली. चाचांनी ती परत पाठवून हात हलवत गेलेल्यांची मागितली. त्यातून एक जर्मन दंतवैद्य सापडला, तीनदा जाऊन तीनदा रिकाम्या हाताने परत आलेला. त्याच्या दुःखाची आजवर कुणी विचारपूसच केली नव्हती. तो चाचांशी तासभर बोलला, आणि पुढे त्याने ईदच्या शुभेच्छासुद्धा पाठवल्या.

शेवटचा रकाना मात्र चाचांनी तक्त्यात लिहिला नाही. अरबाबांच्या नकळत त्यांनी माझ्याकडून तिन्ही पार्ट्यांना एकच पत्र लिहवून घेतलं, की माणूस मानी आहे, हात थरथरतो, तुम्ही काय कराल? दोघांची उत्तरं त्याच दिवशी आली आणि दोन्ही गोड होती. काळजी नसावी, आमचा माणूस मागे उभा राहून त्याच क्षणी गोळी झाडतो, आवाज एकच येतो, पाहुण्यांना कधी कळत नाही आणि फोटो सुंदर येतात. तिसरं उत्तर चार दिवसांनी आलं. झिम्बाब्वेची ही कंपनी नवऱ्याच्या मागे एक बाई चालवत होती. तिने लिहिलं होतं, की पहिल्या सकाळी मी पन्नास पावलांवर कागद लावते. तीनपैकी दोन गोळ्या मध्यावर लागल्या तर रेड्यासमोर नेईन, नाही लागल्या तर नेणार नाही, आणि हे त्यांना मी तोंडावर सांगेन. जखमी रेडा माझी माणसं मारतो.

त्या पत्राने चाचांची झोप उडवली. चहा निवायचा, तरी कपाला हात नाही. एकीकडे अरबाबांची शेवटची हौस, दुसरीकडे परक्या बाईने तोंडावर केलेला पाणउतारा. मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, चाचा, पहिली पार्टी घ्या, म्हातारा माणूस खूश होऊन परत येईल, त्यांना कुठे कळणार आहे?

चाचांनी तक्त्याची घडी घातली. मग म्हणाले, "त्यांना नाय कळनार, सूनबाई. मना कळंल. मग मी रोज त्यांच्यासमोर बसू कसा?"

आणि त्यांनी बाईला होकार कळवायला सांगितला. अरबाबांना एवढंच सांगितलं, की या पार्टीकडे आधी परीक्षा असते. अरबाब हसले. या वयात मला कोण नापास करणार, म्हणाले.

तिथे काय झालं ते चाचांनी परत आल्यावर मला एकदाच सांगितलं. पहिल्या सकाळी अरबाबांच्या तिन्ही गोळ्या कागदाच्या आसपाससुद्धा गेल्या नाहीत. बाईने सरळ सांगितलं, आज नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी अरबाबांनी एकही गोळी न झाडता बंदूक खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर चाचांना फैलावर घेतलं. दुसरीकडे नेलं असतंस तर एव्हाना रेडा मिळाला असता. चाचांनी मान खाली घालून उत्तर दिलं, "मिळाला असता, अरबाब. गोळी दुसऱ्याची असती आणि फोटो तुमचा. चौतीस वर्षांत मी तुम्हाला डुप्लिकेट माल आणून दिलेला नाही."

अरबाब तंबूत गेले. दोन दिवस त्यांनी चाचांकडे बघितलं नाही. चाचांनी मनातल्या मनात नोकरी सोडली, बोचकं बांधलं, म्हसळ्याला जाऊन बसलेसुद्धा. नोकरीचं दुःख नव्हतं म्हणाले. भांडायला आता कोण, हे दुःख होतं. सातव्या दिवशी पहाटे तंबूचा पडदा सरला आणि अरबाब म्हणाले, यल्ला, चल. त्या सकाळी तीनपैकी एक गोळी कागदाच्या अगदी कोपऱ्याला लागली. नापासच. पण बाईने कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, बंदूक इथेच ठेवा, मी तुम्हाला रेडा दाखवते.

दोन तास चालून, शेवटचा पल्ला गुडघ्यांवर रांगत, ते चाळीस पावलांवर पोचले. रेडा झुडपाखाली उभा होता. अरबाबांच्या हातात दुर्बीण स्थिर राहीना, म्हणून त्यांनी ती चाचांच्या खांद्यावर टेकवली. पण चाचा भीतीने असे लटपटत होते, की अरबाबांनी त्यांच्या कानात विचारलं, आपल्या दोघांत आजारी नक्की कोण आहे? आणि म्हणे ते हसले. चाचांना इतकंच आठवतं, की रेडा बराच वेळ तिथे होता आणि अरबाबांचा श्वास त्यांच्या मानेवर लागत होता.

तो भोक पडलेला कागद अरबाबांनी चौकट करून मजलिसच्या भिंतीवर लावला. दोस्त चेष्टा करायचे. अरबाब छाती पुढे काढून सांगायचे, बारा गोळ्या, एक भोक, आणि भोक माझं स्वतःचं आहे. चाचा हे मला सांगताना इतके फुलायचे, की जणू परीक्षेला तेच बसले होते.

याला आता दोन हिवाळे होऊन गेले. अरबाब अंथरुणालाच खिळले आहेत म्हणा. खुर्चीत बसवून मजलिसमध्ये आणतात, पण माणसं ओळखू येतात, न येतात. चाचांचं जायचं वय कधीच झालं, म्हसळ्याला घर बांधून तयार आहे, चाची तिकडे राहायला गेल्यासुद्धा. हे व्हिसा वाढवून घेत राहतात आणि दर शुक्रवारी अरबाबांपाशी जाऊन बसतात. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी तिथून ते थेट आमच्याकडे वर आले. गॅसचा पाइप बघितला नाही. चहा ठेवला, तो घेतला नाही.

कुणी नवे पाहुणे आले होते म्हणाले. अरबाबांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं आणि गोष्ट सांगायला लागले. वारा कसा होता, बाई कशी पुढे होती, आणि आपण चाळीस पावलांवरून एकाच गोळीत रेडा कसा पाडला. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. पाहुण्यांनी माना डोलावल्या. आणि मग अरबाबांनी चाचांकडे वळून विचारलं, तू होतास ना, सांग यांना.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"बोल्लो, हां अरबाब, एक ही गोली." चाचा आपल्या तळहातांकडे बघत होते. "सूनबाई, इतक्या वर्षांत पयल्यांदा खोटं बोल्लो त्यांच्याशी."

मी म्हटलं, चाचा, असलं खोटं कुणी धरत नाही.

"धरू दे," ते म्हणाले. "गुनाह लागायचा तर लागू दे. पन माझ्या नावावर. त्यांच्या नाय."

दिवस मावळला, मगरिबची अजान झाली तशी ते उठले. त्यांचा हात हातात घ्यावा असं मला फार वाटलं. पण सासऱ्यांचा हात सून कुठे धरते, म्हणून जिन्याचा दिवा लावून मी नुसती दारात उभी राहिले, ते खाली पोचेपर्यंत.